अगबाने सांगितले, अंत्युखियाने ठरवले

वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये ११:१९-३०
सोबत वाचा : उत्पत्ती ९:८-१७, लूक १२:४२-५६, लूक १९:१-१०, रोमकरांस पत्र ८:१८-२३



प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचे आपण क्रमाने मनन करत आहोत. आज अकराव्या अध्यायाचा शेवट. या अध्यायातले २६ वे वचन आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळाले, हे संडेस्कूलमधले मूलही सांगेल. या वचनावर मी किती संदेश ऐकले असतील त्याला गणती नाही. पण बहुतेक वेळा संदेश तिथेच थांबतो आणि पुढची चार वचने तशीच राहून जातात. आज आपण त्या चार वचनांवर थांबणार आहोत. कारण ज्या लोकांना जगात पहिल्यांदा ख्रिस्ती म्हटले गेले त्यांनी लगेच पुढे काय केले, ते लूक तिथे सांगतो.

त्यांनी केले ते असे. यरुशलेमेहून काही संदेष्टे आले. त्यांतल्या अगब नावाच्या माणसाने पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने सांगितले की सगळीकडे मोठा दुष्काळ पडणार आहे. ते ऐकून शिष्यांनी यहूदीयातल्या भावांना मदत पाठवायचे ठरवले. ज्याची जशी ऐपत तसे त्याने दिले. आणि ती मदत बर्णबा व शौल यांच्या हाती पोचती केली. बस, एवढीच गोष्ट आहे. पण आपण ज्या काळात जगतो आहोत त्या काळासाठी तिच्यात खूप काही आहे.

आज मी हवामान बदलाविषयी लिहिणार आहे. काही जण म्हणतील, “हा विषय शाळेचा, सरकारचा. मननात कशाला?” थोडा धीर धरा. वचनातूनच जाऊ या.

१. अंत्युखियाने चार गोष्टी केल्या

पहिली गोष्ट, त्यांनी इशारा खरा मानला. दुष्काळ अजून पडलेला नव्हता. अंत्युखिया हे सूरियातले मोठे, व्यापाराचे, पैसेवाले शहर. बाजारात धान्य होते, नदीला पाणी होते. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. तरी “आधी पडू तर दे, मग बघू” असं कुणी म्हटलं नाही. लूक मुद्दाम नोंदवतो की हा दुष्काळ क्लौद्याच्या दिवसांत खरोखर पडला. क्लौद्य हा रोमी सम्राट इ.स. ४१ ते ५४ या काळात राज्य करत होता. यहुदी इतिहासकार जोसेफस यानेही यरुशलेमेतल्या त्या दुष्काळाविषयी लिहून ठेवले आहे. अदियाबेने प्रांताची राणी हेलेना हिने मिसरातून धान्य आणि सायप्रस बेटावरून सुके अंजीर विकत आणवून उपाशी लोकांना वाटले, असे तो सांगतो. म्हणजे अगबाचे शब्द पोकळ नव्हते.

दुसरी गोष्ट, त्यांनी आधी स्वतःचे कोठार भरले नाही. अगबाने दुष्काळ सगळीकडे पडेल असे सांगितले होते. सगळीकडे म्हणजे त्यात अंत्युखियाही आलेच. आपण असतो तर काय केले असते? घरी येऊन आधी पोती मोजली असती. पण त्या मंडळीने पाहिले की दुष्काळ सगळ्यांवर येणार असला तरी सगळ्यांना सारखा लागणार नाही. यहूदीयातले विश्वासणारे गरीब होते. त्यांची चूल आधी विझणार होती. म्हणून विचारही आधी त्यांचा झाला.

तिसरी गोष्ट, प्रत्येकाने ठरवले. एकट्या श्रीमंत सभासदावर सोपवले नाही आणि सर्वांवर सारखी पट्टीही बसवली नाही. ज्याच्याकडे जास्त त्याचा वाटा जास्त. ज्याच्याकडे थोडे त्याचा थोडा, पण त्याचाही वाटा होताच.

चौथी गोष्ट, ठरवलेले पोचले. या मंडळीने नुसती प्रार्थना करून “प्रभू बघून घेईल” असे म्हटले नाही. रक्कम जमली, माणसे ठरली, रस्ता धरला. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ज्या विश्वासाविषयी बोलतो, उघड्या आणि उपाशी भावाला फक्त शुभेच्छा देऊन वाटेला लावणारा तो मेलेला विश्वास, तसा विश्वास अंत्युखियाचा नव्हता.

२. आपल्या काळातला इशारा

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. शास्त्रज्ञ म्हणजे संदेष्टे नव्हेत. अगब आत्म्याच्या प्रेरणेने बोलला, शास्त्रज्ञ मोजमाप करून बोलतात. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण मोजमाप करण्याची बुद्धीही देवानेच दिली आहे. लूक १२:५४-५६ काढून पाहा. पश्चिमेला ढग दिसला की पाऊस येणार आणि दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होणार, हे लोकांना कळते, असे प्रभू येशू तिथे म्हणतो. तो त्यांच्या हवामानाच्या ज्ञानाला नावे ठेवत नाही. एवढे कळते आणि तरी समोरचा काळ ओळखत नाही, याबद्दल तो त्यांना ढोंगी म्हणतो. कळते आणि वळत नाही, ही त्याची तक्रार आहे.

मोजमाप काय सांगते ते साध्या शब्दांत पाहू. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड हा वायू निघतो. तो पृथ्वीभोवती गोधडीसारखे काम करतो. मुळात गोधडी हवीच, नाहीतर आपण गारठून मेलो असतो. देवाने ती योग्य जाडीचीच दिली होती. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. भर उन्हाळ्यात अंगावर दुसरी गोधडी घातल्यासारखे हे झाले. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वात उष्ण वर्ष ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सरासरीपेक्षा ते सुमारे दीड अंशाने जास्त तापले.

हे सांगणाऱ्यांमध्ये आपलेच भाऊबंद आहेत. सर जॉन हॉटन हे वेल्समध्ये जन्मलेले, ऑक्सफर्डमध्ये वातावरणाचे भौतिकशास्त्र शिकवलेले शास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या शास्त्रीय गटाचे नेतृत्व त्यांनी १९८८ पासून २००२ पर्यंत केले. हेच हॉटन आपल्या गावच्या मंडळीत वडील म्हणून सेवा करत होते. बायबलवर ठाम विश्वास ठेवणाऱ्या पाळकांना आणि पुढाऱ्यांना भेटून ते हा विषय समजावून सांगत. २०२० मध्ये ते प्रभूकडे गेले. विज्ञान आणि विश्वास यांपैकी एकच निवडावे लागते असे ज्यांना वाटते त्यांनी या माणसाचे आयुष्य पाहावे.

३. आपले यहूदीया कुठे आहे?

अंत्युखियाने विचार केला की हा घाव आधी कुणावर बसणार. आपणही तोच प्रश्न विचारू या. उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही.

मराठवाडा आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी न्यावे लागले. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच मराठवाड्यात इतका पाऊस कोसळला की उभी पिकेच काय, शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. एखाद्या दुष्काळाचे किंवा पुराचे सगळे खापर हवामान बदलावर फोडणे बरोबर नाही. उसासाठी होणारा पाण्याचा उपसा, ओढ्या-नाल्यांवरची बांधकामे, हेही त्यात आहे. पण हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. म्हणून कोरड्या दिवसांत ती जमीन जास्त शोषून घेते आणि ओतते तेव्हा एकदम ओतते. कोकणालाही लागोपाठ दोन वर्षे अरबी समुद्रातल्या वादळांनी झोडपले. ३ जून २०२० ला निसर्ग आले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते.

आता आपल्या मंडळीत पाहा. आमच्या सहभागितेत काही बहिणी खुरपणीला जातात, काही भाऊ बांधकामावर. उन्हामुळे बारा ते चार काम थांबले की अर्धी हजेरी कापली जाते. न थांबले तर चक्कर येऊन पडायची भीती. प्रार्थना-गटातल्या एका मावशी मला म्हणाल्या, “ऊन पयलेबी व्हतं बाई, पण रातीला गार व्हायचं. आता रातीबी पत्रा तापलेलाच असतो, लेकरं झोपंनात.” त्यांच्या घरी फ्रीज नाही, गाडी नाही. विजेचे बिल दोन बल्ब आणि एका पंख्याचे. गोधडी जाड करण्यात त्यांचा हात जवळजवळ नाहीच. पण घाम सगळ्यात जास्त त्यांनाच फुटतो.

प्रियजनहो, यहूदीया म्हणजे हेच. ते समुद्रापलीकडेच असते असे नाही. रविवारी आपल्याच बाकावर, आपल्या शेजारी ते बसलेले असते.

४. अंत्युखियाच्या पुढे : जक्कयाचा धडा

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. क्लौद्याच्या वेळचा दुष्काळ अंत्युखियाच्या लोकांनी आणलेला नव्हता. त्यांनी पाठवलेली मदत ही निव्वळ प्रीती होती. आपली गोष्ट तशी नाही. आजची उष्णता माणसाने जाळलेल्या इंधनातून येते आहे, आणि कमी-जास्त प्रमाणात त्यात आपलाही धूर आहे. मग नुसती मदत पुरेल का?

लूक १९ मधला जक्कय आठवा. येशू त्याच्या घरी आला तेव्हा त्याने दोन वेगळ्या गोष्टी कबूल केल्या. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, हे दान झाले. आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करीन, ही भरपाई झाली. दोन्ही गोष्टी त्याने एकमेकींत मिसळल्या नाहीत. येशूने त्या घराला तारण झाल्याचे सांगितले ते हे ऐकल्यानंतर. भरपाई करून तारण विकत मिळत नाही, हे आपल्याला माहीत आहे. तारण कृपेनेच. पण ज्या घरात तारण शिरते त्या घरातले हिशेब बदलतात, हे जक्कय आपल्याला दाखवतो.

आता हा हिशेब प्रामाणिकपणे करू. भारतात वर्षाला माणशी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत सुमारे १४ टन. म्हणजे मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे आणि तो त्यांनी उचललाच पाहिजे. हे बोलायला आपण संकोचू नये. पण २ टन ही सरासरी आहे. त्या सरासरीत वरच्या मावशी आहेत, आणि दोन एसी, दोन गाड्या आणि वर्षाला चार विमानप्रवास करणारे आपले बंधूही आहेत. परदेशात स्थायिक झालेली आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबेही हे वाचतात. अमेरिका आपल्याला सहज दिसते. आपल्याच मंडळीतली अमेरिका दिसायला थोडे कठीण जाते. यथाशक्ती हा अंत्युखियाचा नियम इथे कामाला येतो. ज्याचा धूर जास्त त्याची जबाबदारी जास्त.

५. तीन प्रश्न, जे नेहमी विचारले जातात

पहिला प्रश्न : देवाने नोहाला वचन दिले ना? मग भीती कशाची?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. प्रशांत महासागरात तुवालू नावाचा नऊ बेटांचा देश आहे. लोकसंख्या जेमतेम ११,००० आणि जवळजवळ सगळे ख्रिस्ती. जमीन समुद्रापासून फक्त काही हात उंच. समुद्र वर चढतो आहे. भरतीचे खारे पाणी जमिनीतून वर येते आणि बागा नासतात. तिथल्या अनेक वृद्ध विश्वासणाऱ्यांनी उत्पत्ती ९ चा आधार घेऊन म्हटले की आकाशात धनुष्य आहे, देव आम्हाला बुडवणार नाही. त्यांचा विश्वास पाहून माझे मन भरून येते.

पण वचन नीट वाचा. पुन्हा जलप्रलयाने सर्व जीवांचा नाश करणार नाही, हे देवाने स्वतःविषयी दिलेले वचन आहे. माणूस माणसाचे घर बुडवणार नाही, असे तिथे म्हटलेले नाही. देव आपले वचन पाळतो आहेच. प्रश्न आपला आहे. आणि तो करार देवाने एकट्या नोहाशी केलेला नाही. त्याच्या संततीशी आणि पक्षी, गुरेढोरे, रानपशू यांच्याशीही केला आहे. त्या अध्यायात हे पुन्हा पुन्हा येते. ज्यांच्याशी देवाने करार केला त्यांना आपण किड्यामुंग्यांसारखे चिरडायचे, आणि वर त्याच कराराकडे बोट दाखवायचे, हे कसे चालेल?

त्या भागातल्या मंडळ्यांनीही हात जोडून वाट पाहिली नाही. मार्च २००४ मध्ये शेजारच्या किरिबाटी देशात प्रशांत महासागरातल्या मंडळ्यांचे प्रतिनिधी एकत्र आले. हवामान बदलाविषयी त्यांनी घोषणापत्र काढले आणि जगभरच्या मंडळ्यांना साद घातली. यहूदीयाने अंत्युखियाला लिहिलेले पत्रच म्हणा. ते पत्र आपल्यालाही आले आहे.

दुसरा प्रश्न : प्रभू लवकर येणार, पृथ्वी जळून जाणार. मग ती सांभाळायची कशाला?

२ पेत्र ३ हा अध्याय यासाठी काढला जातो. पण पेत्र स्वतः त्यातून काय निष्कर्ष काढतो? असे सगळे होणार आहे तर तुम्ही कसे पवित्र जीवन जगायला हवे, असे तो विचारतो. मोकळे सोडण्याऐवजी तो आपल्याला जास्त बांधून घेतो. मालक उद्या वस्तीवर येणार असे कळले तर चांगला सालगडी गोठा पेटवून देतो का? तो गोठा झाडून ठेवतो, गुरांना पाणी दाखवतो. लूक १२ मधल्या कारभाऱ्याचा दाखला हेच सांगतो. मालकाला उशीर होतो आहे असे पाहून सोबतच्या चाकरांना मारहाण करणारा आणि खाऊनपिऊन मस्त होणारा तो दुष्ट कारभारी. आणि ज्याला मालकाची इच्छा कळली होती त्याला शिक्षा जास्त. प्रकटीकरण ११:१८ मध्ये पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचाही न्याय होईल असे सांगितले आहे, तेही आठवा. पृथ्वी परमेश्वराच्या मालकीची आहे हे स्तोत्र २४ सांगते. आपण कूळ आहोत, मालक नव्हे.

तिसरा प्रश्न : मंडळीचे काम सुवार्ता सांगणे. झाडांचं आणि धुराचं काय घेऊन बसलात?

याचे उत्तर मला प्रेषितांच्या कृत्यांमध्येच सापडते, आणि ते मला फार आवडते. ११:३० मध्ये मदत घेऊन बर्णबा आणि शौल यरुशलेमेकडे निघतात. १२:२५ मध्ये ते सेवा पुरी करून परत येतात. आणि १३ व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच पवित्र आत्मा त्याच मंडळीला सांगतो की बर्णबा आणि शौल यांना माझ्या कामासाठी वेगळे करा. तिथून सुवार्तेचा पहिला मोठा प्रवास सुरू होतो. म्हणजे ज्या हातांनी दुष्काळाची मदत पोचवली त्याच हातांत देवाने सुवार्ता दिली. अंत्युखियाने दोन वेगळी खाती उघडली नव्हती.

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीला हे नवीन नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. भूक काय असते ते रमाबाईंनी स्वतः सोसले होते. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या, शेकडो मुली-स्त्रियांना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. त्याच रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतरही केले. अलीकडच्या काळात वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी एका हाताने बायबल मराठीत आणले आणि दुसऱ्या हाताने हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून तिथल्या विहिरी, वाड्या आणि शेते वाचवण्याचा लढा दिला. वचन आणि पाणी, दोन्ही.

६. मग आपण काय ठरवायचे?

लूकने शिष्यांनी ‘ठरवले’ असे म्हटले आहे. हे मनन वाचून नुसते छान वाटून घेऊ नका. काहीतरी ठरवा. मी काही गोष्टी सुचवते. सगळ्यांना सगळ्या जमणार नाहीत. यथाशक्ती.

जक्कयाच्या वाटेने, आपला धूर कमी करण्यासाठी :

आपल्या देशातली वीज अजून मुख्यतः कोळशातून येते. एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. या महिन्याचे बिल हातात घ्या, युनिट पाहा आणि कुटुंबप्रार्थनेच्या वेळी त्याविषयी बोला. एसी असेल तर २५-२६ वर ठेवा. छत स्वतःचे असेल आणि ऐपत असेल तर सौर पॅनेलचा विचार करा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. शेतकरी बंधूंनो, उसाचे पाचट पेटवू नका. सरीत पसरले तर ओल टिकते आणि जमीनही सुधारते. चर्चला जाताना एका गल्लीतून चार गाड्या निघत असतील तर एकीत बसा. सहभागिताही वाढेल!

अंत्युखियाच्या वाटेने, ज्यांना आधी झळ लागते त्यांच्यासाठी :

आपल्या चर्चची इमारत आठवड्याचे सहा दिवस कुलूपबंद असते. जाड भिंती, उंच छत, गार फरशी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार तिचा व्हरांडा उघडा ठेवा, दोन माठ भरा आणि परिसरातल्या मजुरांना, हातगाडीवाल्यांना सावलीला बसू द्या. जात-धर्म विचारू नका. तरुण संघाने एक शनिवार काढून मंडळीतल्या पत्र्याच्या घरांवर पांढरा रंग किंवा चुना मारावा. आत तापमान दोन-चार अंशांनी कमी राहू शकते. वरच्या मावशींच्या लेकरांना त्या रात्री झोप लागेल. कापणीच्या सणाला धान्य आणि भाज्यांचा लिलाव होतो, त्यातला ठरावीक वाटा उन्हाळ्यात हजेरी बुडणाऱ्यांसाठी बाजूला काढा. आणि हे सगळे पाळक साहेबांवर सोडू नका. अंत्युखियाने बर्णबा आणि शौल यांना नेमले. तुम्हीही दोन माणसे नेमा, रक्कम लिहून ठेवा आणि ती पोचली का हे पुढच्या सभेत विचारा.

आणखी एक. ग्रामसभेत, वॉर्डात, मतदानाच्या वेळी पाणी, झाडे आणि विजेचे प्रश्न विचारा. योसेफाने फारोला स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि त्यासोबत पिकाचा पाचवा हिस्सा साठवण्याची योजनाही दिली. सत्तेतल्या माणसासमोर देशाच्या भाकरीविषयी बोलणे हीसुद्धा देवाच्या लेकराची सेवा आहे.

एवढ्याने पृथ्वीचे तापमान उतरेल का? दोन माठांनी आणि चार पांढऱ्या पत्र्यांनी नाही उतरणार. अंत्युखियाच्या थैलीनेही क्लौद्याच्या वेळचा दुष्काळ टळला नाही. तो पडलाच. पण यहूदीयातल्या कितीतरी घरांत त्या वर्षी चूल पेटली. आणि शेकडो मैल दूर आपल्यासाठी कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता, हे त्या लोकांना कळले. सृष्टी कण्हत आहे आणि देवाच्या पुत्रांच्या प्रकट होण्याची वाट पाहत आहे, असे पौल रोमकरांस पत्र ८ मध्ये लिहितो. पूर्ण मुक्ती प्रभूच आणील. ते काम आपले नाही, आणि हे ओझे आपल्या खांद्यावर नाही याबद्दल देवाचे आभार. आपले काम ऐकण्याचे, ठरवण्याचे आणि पोचवण्याचे आहे.

मननासाठी प्रश्न

१. मंडळीत माझ्या ओळखीचे असे कोण आहे, ज्याला यंदाच्या उन्हाळ्याची किंवा पावसाची झळ माझ्यापेक्षा जास्त बसली?
२. माझ्या घरातून निघणारा कोणता धूर मी या महिन्यापासून कमी करू शकतो किंवा शकते?
३. आमच्या मंडळीत बर्णबा आणि शौल म्हणून कोणाची नावे सुचवाल?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, ही पृथ्वी तुझी आहे आणि तू ती आम्हाला सांभाळायला दिलीस. तुझा इशारा ऐकणारे कान आम्हाला दे. आधी स्वतःची पोती मोजण्याच्या सवयीतून आम्हाला सोडव. उन्हात राबणाऱ्या आमच्या भावाबहिणींना आज सावली मिळू दे, आणि ती सावली आमच्या हातून मिळू दे. तुवालू आणि किरिबाटी इथल्या तुझ्या लेकरांचे रक्षण कर. जे आम्ही आज ठरवू ते पोचवेपर्यंत आम्हाला थकू देऊ नको. येशूच्या नावात मागतो. आमेन.

उद्याचे वाचन : प्रेषितांची कृत्ये १२:१-१९. प्रभू तुम्हाला आशीर्वादित करो.